कवडशातलं प्लास्टिक मोजायचं कसं?

दुपारी खोलीत उन्हाचा कवडसा आला की त्यात तरंगणारे कण दिसतात. काय असतं त्यात? रस्त्यावरची धूळ, आपल्याच त्वचेचा कोंडा, चादरी-टॉवेलचे सुती तंतू. आणि पॉलिस्टरचा टी-शर्ट, फ्लीसचं जॅकेट, पडदे, गालिचे यांच्यातून सुटलेले प्लास्टिकचे तंतूसुद्धा! पाच मिलिमीटरपेक्षा लहान प्लास्टिक म्हणजे मायक्रोप्लास्टिक. समुद्रातल्या आणि बाटलीबंद पाण्यातल्या मायक्रोप्लास्टिकबद्दलच्या रील्स आपण सगळ्यांनीच पाहिल्यात. हवेतल्या प्लास्टिकचे आकडेही आता फिरू लागलेत. पण हे आकडे येतात कुठून?

घरात जास्त, बाहेर कमी

रशीद द्रिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॅरिस परिसरात केलेला अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन घरं, एक ऑफिस आणि बाहेरची मोकळी हवा अशी तुलना त्यांनी केली. पद्धत ऐकायला सोपी आहे. पंपाने हवा ओढायची, ती फिल्टरमधून जाऊ द्यायची आणि फिल्टरवर अडकलेले तंतू सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचे. किती हवा ओढली ते माहीत असतंच, त्यामुळे एक घनमीटर हवेत किती तंतू, याचा हिशेब निघतो.

बाहेरच्या हवेत घनमीटरमागे ०.३ ते १.५ तंतू मिळाले, तर घरात आणि ऑफिसात १ ते ६०. म्हणजे खिडकी लावून घेतली की सुटलो, असं इथे चालत नाही. कपडे, गाद्या, पडदे सगळे आतच असतात आणि बंद खोलीत ते तंतू वाहून न्यायला वारा नसतो.

प्रत्येक तंतू प्लास्टिक नसतो

खरी गंमत पुढे आहे. सूक्ष्मदर्शकाखाली सुताचा रंगीत धागा आणि पॉलिस्टरचा धागा सहज सारखेच वाटू शकतात. मग एफटीआयआर नावाचं तंत्र वापरतात. कणावर इन्फ्रारेड प्रकाश टाकायचा. प्रत्येक पदार्थ त्यातला ठरावीक भाग शोषतो, त्यावरून त्याची ओळख पटते. पॅरिसच्या घरांतल्या तंतूंपैकी ६७ टक्के नैसर्गिक पदार्थांचे निघाले. प्लास्टिकचा अंश होता ३३ टक्क्यांत. त्यामुळे ‘इतके तंतू सापडले’ आणि ‘इतकं प्लास्टिक सापडलं’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत.

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासासाठी डेन्मार्कमधल्या ऑऱ्हुस शहरात तर चक्क श्वास घेणारा पुतळा तीन घरांत बसवला होता! त्याने ओढलेल्या हवेत घनमीटरमागे १.७ ते १६.२ मायक्रोप्लास्टिक कण मिळाले. पण ओळख पटलेल्या एकूण कणांत प्लास्टिक सरासरी फक्त ४ टक्के होतं. ९१ टक्के कण प्रथिनांचे होते, म्हणजे आपल्या त्वचेचा कोंडा वगैरे.

मोजणाऱ्याचाच शर्ट आडवा येतो

संशोधकाने फ्लीस घालून फिल्टर हाताळला, तर त्याच्याच जॅकेटचे तंतू मोजले जायचे. म्हणून प्रयोगशाळेत सुती कोट घालतात, काचेची किंवा धातूची भांडी वापरतात. शिवाय एक कोरा फिल्टर सगळ्या प्रक्रियेतून तसाच फिरवून आणतात. त्यावर जे काही सापडेल, ती प्रयोगशाळेतली भेसळ. हा कोरा फिल्टर नसेल, तर आकड्यावर भरवसा ठेवणं अवघड.

आकाराचाही प्रश्न आहे. पॅरिसमध्ये ५० मायक्रॉनपेक्षा लहान तंतू मोजलेच नव्हते. जास्त बारीक बघितलं की संख्या वाढते. त्यात एककाचा घोळ! पिरेनीज पर्वतात रोज एका चौरस मीटरवर सरासरी ३६५ कण पडतात, असं २०१९ मध्ये आढळलं. हे जमिनीवर पडलेले कण आहेत, हवेत तरंगणारे नव्हेत. या ३६५ ची पॅरिसच्या ६० शी थेट तुलना करताच येत नाही.

मग घाबरायचं का?

२०२२ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांना जिवंत रुग्णांच्या फुप्फुसाच्या १३ पैकी ११ नमुन्यांत मायक्रोप्लास्टिक सापडलं. नायलॉनच्या बारीक तंतूंत रोज काम करणाऱ्या काही कामगारांना फुप्फुसाचा आजार झाल्याचं अमेरिकेत १९९० च्या दशकातच नोंदलं गेलंय. पण कारखान्यातली हवा वेगळी, आपल्या हॉस्टेलच्या खोलीतली वेगळी. पॅरिसच्या संशोधकांच्या मते त्यांना मिळालेले तंतू श्वासातून आत जायला बहुधा मोठेच होते. त्यांना काळजी वाटली ती जमिनीवरच्या धुळीची. लहान मुलं रांगतात, हात तोंडात घालतात, तेव्हा ती पोटात जाते. त्यामुळे झाडू फिरवून धूळ उडवण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसून घेणं केव्हाही बरं.

भारताच्या २००९ च्या हवा गुणवत्ता मानकांत १२ प्रदूषक आहेत, त्यात मायक्रोप्लास्टिक नाही. मर्यादा ठरवायची तर आधी सगळ्यांनी एकाच पद्धतीने मोजायला हवं. रसायनशास्त्र, टेक्स्टाइल, स्टॅटिस्टिक्सवाल्यांनो, प्रोजेक्टसाठी विषय शोधताय ना? आणि बाकीच्यांनी पुढची पोस्ट शेअर करण्याआधी एवढं तरी विचारा : तंतू की प्लास्टिक? किती बारीक? हवेतलं की खाली पडलेलं? आणि कोरा फिल्टर ठेवला होता का?