विक्रोळीचे कांदळवन आणि नफ्याचा हिशेब

कंपन्यांची सामाजिक जबाबदारी, म्हणजेच सर्वांच्या तोंडी रुळलेला ‘सीएसआर’, आणि व्यवसायाची शाश्वतता, म्हणजे ज्या जमीन, पाणी आणि माणसांच्या बळावर धंदा उभा असतो ती झिजू न देता तो पिढ्यान्‌पिढ्या चालवण्याची क्षमता, या दोहोंचा उल्लेख वार्षिक अहवालांत शेजारी शेजारी होत असला, तरी त्यांचे नाते बहुधा गृहीतच धरले जाते. ते तपासायचे तर मुंबईतील विक्रोळीचे उदाहरण विशेष बोलके आहे.

घाटकोपर आणि मुलुंड यांच्या दरम्यान, पूर्व द्रुतगती महामार्गाच्या एका अंगाला गोदरेज समूहाचे कारखाने आणि कामगारांची वसाहत, तर दुसऱ्या अंगाला ठाणे खाडीपर्यंत पसरलेले कांदळवन आहे. पिरोजशा गोदरेज यांनी 1940च्या दशकात ही जमीन घेतली आणि 1985 साली कांदळवनाच्या अभ्यासासाठी व संवर्धनासाठी सूनाबाई पिरोजशा गोदरेज यांच्या नावाचे केंद्र स्थापन झाले, तेव्हा सीएसआरचा कायदा जवळजवळ तीन दशके दूर होता. या कांदळवनातील तिवरांची श्वसनमुळे, म्हणजे चिखलातून बोटभर उंचीने सरळ वर येणारी आणि हवा शोषून घेणारी मुळे, भरतीबरोबर आलेला गाळ धरून ठेवतात, त्यांच्या जाळीत मासे आणि खेकड्यांच्या पिल्लांना आसरा मिळतो आणि लाटांचा जोर किनाऱ्यापर्यंत पोहोचण्याआधीच मोडतो. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा नद्यांचे काठ आणि खाड्या भराव घालून अरुंद केल्याची किंमत उपनगरांनी मोजली. खाडीकाठच्या कारखान्याच्या दृष्टीने म्हणूनच कांदळवन हे दानधर्माचे खाते ठरत नाही. ताळेबंदात त्याची किंमत दिसत नसली, तरी ते कारखान्याच्या पायाखालची जमीन राखते. जमीनमालक कंपनी शेअर बाजारात नोंदलेली नसल्याने दर तिमाहीच्या नफ्याचा तगादा तिच्यामागे नव्हता, हेही या दीर्घ धीराचे एक कारण मानता येईल.

सीएसआरचा जो कायदा पुढे आला, त्या कंपनी कायदा 2013च्या कलम 135नुसार, 500 कोटी रुपये नक्त मूल्य, 1000 कोटी उलाढाल किंवा 5 कोटी निव्वळ नफा यांपैकी एक मर्यादा गाठणाऱ्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करायची असते. नेहमीच्या व्यवसायाचा भाग असलेली कामे मात्र या खर्चात धरली जात नाहीत, आणि ही अट अत्यंत रास्त आहे, कारण स्वतःचे सांडपाणी शुद्ध करणे हे कर्तव्य आहे, परोपकार नव्हे. शाळेला संगणक देणाऱ्या कंपनीचे रसायन नाल्यात जात असेल, तर 2 टक्क्यांचे पुण्य उरलेल्या 98 टक्क्यांचा व्यवहार शुद्ध करू शकत नाही.

तो व्यवहार उघड करण्यासाठी शेअर बाजाराचे नियमन करणाऱ्या सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या 1000 सूचिबद्ध कंपन्यांना 2022-23 पासून व्यवसाय जबाबदारी आणि शाश्वतता अहवाल सक्तीचा केला असून, त्यात वीज, पाणी, कचरा आणि कामगारांची सुरक्षितता यांचे आकडे द्यावे लागतात. अंधेरी-साकीनाका पट्ट्यातील लहान कारखान्यांपैकी बहुतेकांना यांपैकी कोणताच नियम लागू होत नाही. तरीही मोठ्या कंपन्यांना सुटे भाग पुरवायचे असतील, तर सांडपाणी कुठे जाते आणि कामगाराच्या हातात मोजे आहेत का, हे प्रश्न त्यांच्या दारापर्यंत येणे अटळ आहे, आणि त्यासाठी लागणारा खर्च केवळ पुरवठादाराच्या माथी मारला जाऊ नये, याची जबाबदारी खरेदीदार कंपन्यांनी घेतली पाहिजे.