ऑक्टेनचा आकडा काय सांगतो?

पेट्रोलचे ९१, ९५, १०० हे ऑक्टेनचे आकडे त्याची ताकद सांगत नाहीत. दाबाखाली आपोआप पेटण्याला ते किती विरोध करतं, हे सांगतात. इथेनॉलचंच बघा: ऑक्टेन पेट्रोलपेक्षा जास्त, पण लिटरमागे ऊर्जा सुमारे एक तृतीयांशाने कमी.

स्पार्क प्लगने पेटवलेली ज्योत पसरण्याआधीच सिलिंडरमधलं उरलेलं मिश्रण स्वतःहून भडकलं, तर इंजिन टकटक वाजतं. हेच नॉकिंग, वाढलं तर पिस्टन खराब होतो. टर्बो किंवा जास्त कॉम्प्रेशनच्या इंजिनांत हा धोका मोठा. कमी ऑक्टेनचं पेट्रोल भरलं, तर आधुनिक गाडी ठिणगी उशिरा टाकते. इंजिन वाचतं, पण जोर आणि मायलेज घटतं.

९१ साठी बनवलेल्या साध्या इंजिनाला मात्र १०० चं महागडं पेट्रोल देऊन सहसा काही फायदा होत नाही. मॅन्युअलमध्ये दिलेला किमान आकडा पाळला की पुरे.