कोपर्डी, खर्डा आणि साक्षीदाराचे गाव

कर्जत तालुक्यातील कोपर्डी येथे 13 जुलै 2016 रोजी एका अल्पवयीन मुलीवर अत्याचार करून तिचा खून करण्यात आला, आणि मुलगी मराठा व आरोपी दलित समाजातील असल्याने त्या गुन्ह्याविषयीचा संताप पाहता पाहता दोन समाजांमधील तेढीपर्यंत जाऊन पोहोचला. 9 ऑगस्टपासून औरंगाबादेत सुरू झालेल्या मूक मोर्चांमधून आरोपींना फाशी देण्याबरोबरच ॲट्रॉसिटी कायद्यात, म्हणजे अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचारांना आळा घालणाऱ्या 1989 च्या कायद्यात, बदल करण्याची मागणी पुढे आली. वास्तविक कोपर्डीच्या खटल्याशी त्या कायद्याचा संबंध नव्हता.

नगरच्या सत्र न्यायालयाने 18 नोव्हेंबर 2017 रोजी कोपर्डीच्या तिघा आरोपींना दोषी ठरवले आणि 29 तारखेला फाशी सुनावली. याच दोन तारखांच्या मध्ये, 23 नोव्हेंबरला, शेजारच्या जामखेड तालुक्यातील खर्डा येथे 28 एप्रिल 2014 रोजी झालेल्या दलित विद्यार्थ्याच्या हत्येच्या खटल्यातील आरोपी निर्दोष सुटले, कारण अनेक साक्षीदार फितूर झाले, म्हणजे पोलिसांना दिलेल्या जबाबापासून न्यायालयात फिरले. साक्षीदाराला निकालानंतरही त्याच गावात, त्याच लोकांच्या शेतात मजुरीला जाऊन राहायचे असते, ही गोष्ट न्यायव्यवस्थेने पुरेशी मनावर घेतलेली नाही.

स्त्रियांच्या बाबतीत हे ओझे दुप्पट होते. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेने 15 ऑगस्ट 2007 पासून बांधावरचे आणि भावकीतले वाद गावातच मिटवण्याची चांगली सवय लावली; पण बलात्कारासारखा गुन्हा कायद्याने तडजोडीचा विषयच नसल्याने तो बैठकीत मिटवणे म्हणजे पीडितेलाच गप्प बसवणे होय. अशा मिटवामिटवीने येणारी शांतता फार तर बलवानांची सोय असते.

कायद्याने वाट मात्र बरीच सोपी केली आहे. बालकांवरील लैंगिक अत्याचारांसाठीच्या 2012 च्या पोक्सो कायद्यानुसार मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. तिची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरनेच करायची असते. आणि सुनावणी बंद दालनात होते. ॲट्रॉसिटी कायद्यातही 2016 पासून लागू झालेल्या दुरुस्तीने पीडित व साक्षीदारांना संरक्षणाचा हक्क दिला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने 31 ऑक्टोबर 2000 रोजी संमत केलेल्या ठराव 1325 मध्ये शांतताप्रक्रियेतील स्त्रियांच्या सहभागाचा आग्रह आहे, तो युद्धग्रस्त देशांना जितका लागू, तितकाच तणावाखालच्या गावांनाही लागू मानावा. दोन्ही समाजांतील स्त्रिया एकत्र बसून पीडितेच्या कुटुंबामागे आणि साक्षीदारामागेही उभ्या राहिल्या, तर गुन्ह्याचा दोष गुन्हेगारापुरताच राहील, वस्तीवर जाणार नाही.

कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असले तरी, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळण्याचा हक्क 1987 च्या कायद्याने दिलेला आहे. त्यासाठी 15100 या क्रमांकावर संपर्क साधता येतो, आणि हा क्रमांक प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहिला गेला पाहिजे.