पोट दुखतं म्हणून एकेक खाणं बंद करताय? पथ्य सुरू करण्याइतकंच ते संपवणंही महत्त्वाचं

बीड : पोट फुगतं, गॅस होतात, जेवण झालं की लगेच परसाकडं पळावं लागतं, नाहीतर तीन-तीन दिवस पोट साफ होत नाही. असा त्रास सांगणारं कुणी ना कुणी प्रत्येक गावात असतं. मग सल्ले सुरू होतात. कुणी म्हणतं गहू सोडा, कुणी म्हणतं दूध बंद करा, मोबाईलवरचा व्हिडिओ सांगतो की डाळ, कांदा, लसूण सगळंच वातूळ. माणूस एकेक पदार्थ सोडत जातो. वर्षभरानं ताटात उरते भाकरी, मीठ आणि एखादी भाजी. त्रास कधी कमी, कधी जास्त. वजन मात्र उतरत जातं.

काही पदार्थ बंद करून बघणं हा खरा, डॉक्टर वापरतात तो उपाय आहे. पण तो ठरावीक दिवसांचा आणि ठरावीक पद्धतीचा आहे. कोणत्या पदार्थानं त्रास होतो ते शोधायचं आणि बाकीचे सगळे परत ताटात आणायचे, हा त्याचा उद्देश. बहुतेकांचं चुकतं ते या दुसऱ्या भागात.

आधी तपासणी, मग पथ्य

पुढीलपैकी काहीही असेल तर पथ्य करत बसू नका, आधी दवाखाना गाठा : शौचातून रक्त पडणं किंवा शौच डांबरासारखी काळी होणं, कारण नसताना वजन घटणं, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, सारखा ताप, गिळायला त्रास, सतत उलट्या, रक्त कमी असल्याचं निदान, पोटात गाठ लागणं, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास.

दूषित पाण्यातून होणारे जंतुसंसर्ग आणि जंत यांचीही लक्षणं अशीच असतात. ती साध्या शौच तपासणीत कळू शकतात आणि औषधानं बरी होतात. अंगदुखीच्या गोळ्या, तीही रिकाम्या पोटी, वारंवार घेतल्यानं पोटात जळजळ आणि जखमा होतात. तिथं गहू सोडून काही उपयोग नाही.

गव्हाबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. सिलिॲक नावाच्या आजारात गव्हातलं ग्लूटेन आतड्याला इजा करतं. त्यासाठी रक्ताची तपासणी असते, पण ती करताना रोजच्या जेवणात गहू चालू असावा लागतो. आधीच चपाती सोडली असेल तर आजार असूनही तपासणी चांगली येऊ शकते. म्हणून गहू सोडायच्या आधी डॉक्टरांना विचारा. सिलिॲक निघाला तर मात्र गहू आणि जव आयुष्यभर बंद. ज्वारी, बाजरी, तांदूळ, भगर यांत ग्लूटेन नसतं, पण दळताना गव्हाचं पीठ मिसळायला नको. बाजारातल्या बऱ्याच हिंगातही गव्हाचं पीठ असतं.

तपासण्यांसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रापासून सुरुवात करता येते. पुढं उपजिल्हा रुग्णालय, बीडचं जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे.

पोट नेमकं कशानं फुगतं?

तपासण्या नॉर्मल येतात, तरी पोट दुखत राहतं आणि शौचाचं वेळापत्रक बिघडलेलं असतं. अशा त्रासाला डॉक्टर बहुतेक वेळा आयबीएस म्हणतात. यात आतडं जास्त संवेदनशील झालेलं असतं. काही पदार्थांतली साखरेसारखी द्रव्यं लहान आतड्यात नीट शोषली जात नाहीत. ती पाणी ओढून घेतात आणि पुढं मोठ्या आतड्यातले जिवाणू ती आंबवतात, त्यातून गॅस होतो. या द्रव्यांना फॉडमॅप म्हणतात. ती कमी करण्याचा आहार ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या संशोधकांनी तयार केला.

आपल्या घरात ही द्रव्यं मुख्यतः चार ठिकाणी असतात : गहू, कांदा-लसूण, दूध, डाळी आणि कडधान्यं. आंबा, सफरचंद, कलिंगड ही फळंही त्यातच येतात. हे पदार्थ वाईट नाहीत. आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंचं तेच खाद्य आहे. म्हणूनच ते कायमचे बंद करायचे नसतात.

आधी सोपं करून बघा

जेवणाच्या वेळा पाळणं, एकदम भरपेट न खाणं, तळलेलं आणि जास्त तिखट कमी करणं, चहा दिवसात तीन कपांच्या आत ठेवणं, पाणी पुरेसं पिणं. पुष्कळांना एवढ्यानंच फरक पडतो. नाही पडला, तर चारपैकी ज्याचा संशय सगळ्यात जास्त, तो एकच गट बंद करून बघा. चारही एकदम बंद करायचे असतील तर डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच.

बंद ठेवायचा काळ दोन ते सहा आठवडे. त्यात फरक पडला नाही, तर त्रासाचं कारण तो पदार्थ नाही. पथ्य सोडा, सगळं परत खा आणि पुन्हा डॉक्टरांना भेटा.

एका चुलीवर दोन भाज्या नकोत

घरात एकाचं पथ्य आणि बाकी सगळे कांदा-लसूण खाणारे, ही मोठी अडचण. विशेषतः सुनेला पथ्य असेल तर ती स्वतःसाठी वेगळं काही करतच नाही. त्यावर उपाय सोपा आहे. भाजी आधी जिरं, हळद, आलं घालून बिनकांद्याची शिजवा, एक वाटी बाजूला काढा, मग बाकीच्या भाजीला कांदा-लसणाची फोडणी द्या. लसणाचा वास हवाच असेल तर पाकळ्या तेलात परतून काढून टाका. त्रास देणारं द्रव्य पाण्यात उतरतं, तेलात नाही.

तसं पाहिलं तर हे आपल्याला नवीन नाही. कांदेनवमीला कांदा खाऊन चातुर्मासभर कांदा-लसूण न खाणारी घरं गावोगावी आहेत. त्यांच्याकडून पाककृती विचारून घ्या.

ताट रिकामं ठेवू नका. ज्वारीची भाकरी, भात, वांगं, बटाटा, गाजर, काकडी, पालक, शेंगदाणे, खात असाल तर अंडी आणि मासे, थोडी मूगडाळ, पपई, संत्रं, फार न पिकलेलं केळं हे चालतं.

परत खाऊन बघायचं, पण एका वेळी एकच

पुरणपोळी खाल्ली आणि पोट फुगलं. दोष कुणाचा? गव्हाचा, हरभरा डाळीचा, की वर घेतलेल्या दुधाचा? ठेच्यानं त्रास झाला तर तो मिरचीचा की लसणाचा? मिसळलेल्या पदार्थावरून काहीच कळत नाही. म्हणून पदार्थ एकेकटा तपासायचा.

समजा दूध. पहिल्या दिवशी अर्धा कप, दुसऱ्या दिवशी एक कप, तिसऱ्या दिवशी एक मोठा ग्लास. त्रास झाला की तिथंच थांबा. मग दोन-तीन दिवस जाऊ द्या आणि पुढचा पदार्थ घ्या. गहू असेल तर एक चपाती, दोन, तीन. काय खाल्लं, किती खाल्लं आणि काय झालं, हे वहीत लिहून ठेवा किंवा मोबाईलवर बोलून ठेवा.

यातून बहुधा असं कळतं की पदार्थ पूर्ण सोडायची गरज नाही, प्रमाण सांभाळलं की पुरे. दूध पचायला जड जाणाऱ्या पुष्कळांना चहातलं दूध, एक कप दूध किंवा वाटीभर दही चालतं.

हे पथ्य कुणी करू नये?

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या महिला, लहान मुलं, आधीच वजन किंवा रक्त कमी असलेली माणसं, तसंच शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी स्वतःच्या मनानं हे पथ्य करू नये. दूध आणि डाळी दोन्ही महिनोन्‌महिने बंद राहिल्या की प्रथिनं आणि कॅल्शियम कमी पडतं. शाकाहारी माणसाचं तर जास्तच.

ऊसतोडीला जाणाऱ्यांनी हे पथ्य हंगामात सुरू करू नये. फडावर पहाटे जे रांधलं जातं तेच दिवसभर खायचं असतं आणि अंगमेहनतीला पोटभर अन्न लागतं. गावी परतल्यावर सवडीनं करावं. हंगामात पाणी उकळून किंवा क्लोरीन टाकून पिणं आणि गोळ्या रिकाम्या पोटी न घेणं, एवढं सांभाळलं तरी खूप.

आज ज्यांच्या घरात कुणाचं पथ्य चालू आहे त्यांनी दोन गोष्टी विचाराव्यात. ते सुरू होऊन किती आठवडे झाले? आणि बंद केलेल्यापैकी परत काय खाऊन बघितलं? सहा आठवड्यांपेक्षा जास्त झाले असतील आणि दुसऱ्याचं उत्तर ‘काहीच नाही’ असेल, तर एक पदार्थ निवडून थोड्या प्रमाणात सुरुवात करायची वेळ झाली आहे. डॉक्टरांनीच एखादा पदार्थ कायमचा बंद सांगितला असेल, तर मात्र तो त्यांना विचारल्याशिवाय सुरू करू नये.