खरपा आणि त्याचे कुल : गोबी मत्स्यांच्या जीवनक्रमाचा परिचय

तापी, गिरणा, पांझरा या खानदेशच्या नद्यांच्या खोऱ्यात, वाळूच्या तळाशी अंग लपवून राहणारा एक लहानसा मासा आहे. मराठीत त्याला खरपा म्हणतात. उष्ण समुद्रांतील प्रवाळखडकांवर ज्या कुलाच्या जाती अतिशय विपुलतेने नांदतात, त्या गोबी कुलाचा हा गोड्या पाण्यातील प्रतिनिधी होय. या कुलाचा व त्याच्या निकटच्या आप्तांचा एकत्र विचार केल्यास जातींची संख्या दोन हजारांच्या आसपास जाते. सपृष्ठवंशी प्राण्यांत एवढा मोठा गट क्वचितच आढळेल. कोकणच्या खाड्यांतील चिखलावर उड्या मारणारी निवटी ही याच गटातील. मात्र अलीकडील वर्गीकरणात तिचे कुल निराळे मानले जाते.

या माशाच्या नामकरणाचा इतिहास उद्बोधक आहे. १८२२ साली फ्रान्सिस हॅमिल्टन याने गंगेतील मत्स्यांवरील आपल्या ग्रंथात त्याचे ‘गोबिअस गिउरिस’ या नावाने वर्णन केले. पुढे १८३९ साली कर्नल विल्यम साइक्स याने दख्खनच्या मत्स्यांचे वर्णन करताना अनेक मराठी नावे शास्त्रीय नामांत गुंफली. त्यांत ‘गोबिअस कुर्पा’ हे एक होते. तत्कालीन इंग्रजी लेखनात ‘यू’ हे अक्षर ऱ्हस्व अकारासाठी योजले जाई. साइक्सने ‘दखन’ हा शब्दही तसाच लिहिला आहे. त्यामुळे या ‘कुर्पा’मागील मूळ उच्चार ‘खरपा’च्या अगदी निकटचा ठरतो. दोन्ही नावे एकाच माशाची असल्याचे पुढे मानले गेले आणि अग्रक्रमाच्या नियमानुसार हॅमिल्टनचे नाव टिकले. आज या माशास ‘ग्लॉसोगोबिअस गिउरिस’ म्हणतात. ‘ग्लॉसा’ म्हणजे जीभ; या प्रजातीच्या जिभेचे टोक दुभंगलेले असते. साइक्सची ‘टॉर खुद्री’ व ‘लेबिओ बोगट’ यांतील नावे मात्र शास्त्रात आजही रूढ आहेत.

शरीररचनेकडे पाहिले असता या कुलाचे मर्म ध्यानी येते. पोटाखालचे दोन पर बहुतेक जातींत एकमेकांस जुळून वाटीसारखे होतात व त्यांच्या साहाय्याने मासा खडकास किंवा तळास धरून राहतो. पाण्यात तरंगत राहण्यास उपयोगी पडणारा वाताशय अनेक जातींत नसतो किंवा खुरटलेला असतो. डोळे डोक्याच्या वरच्या अंगास असतात. सारांश, ही तळावरच्या जीवनासाठी घडलेली शरीरे होत. शरीराच्या लहानपणामुळे इतर माशांना निरुपयोगी असलेली भेग वा फट यांना पुरेसे घर होते. मालदीव व चागोस बेटांजवळील ‘ट्रिमाटॉम नानस’ हा मासा तर पूर्ण वाढूनही एक सेंटिमीटरच्या आतच राहतो.

घराच्या या गरजेतून काही विलक्षण सहजीवने उद्भवली आहेत. वालुकामय तळावर एक प्रकारची कोळंबी बीळ खणते. तिची दृष्टी अधू असते. तिच्या बिळाच्या तोंडाशी गोबी पहारा करतो आणि कोळंबी बाहेर वावरताना आपली मिशी त्याच्या अंगास लावून ठेवते. शत्रू दिसताच गोबी शेपटीस झटका देतो. त्या संकेतासरशी कोळंबी आत शिरते. संकट अधिक जवळ आल्यास गोबीही तिच्यामागून जातो. खणण्याचे श्रम एकीचे व राखणीचे दुसऱ्याचे, अशी ही वाटणी आहे.

‘गोबिओडॉन’ प्रजातीचे मासे प्रवाळाच्या फांद्यांतच आयुष्य कंठतात. एका प्रवाळावरून दुसऱ्यावर जाणे धोक्याचे असल्याने जोडीदार मिळणे दुष्कर; म्हणून त्यांच्यांतील काही जातींत मादीचा नर व नराची मादी असा दोन्ही दिशांनी लिंगबदल घडतो. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या फिजी बेटांवरील संशोधनात असे दिसून आले की, विषारी शैवालाचा स्पर्श झालेला प्रवाळ पाण्यात रासायनिक द्रव्य सोडतो व ते जाणवताच हे मासे येऊन शैवाल कुरतडून टाकतात. आश्रित येथे आश्रयाचा रक्षकही असतो. तथापि समुद्र तापून प्रवाळ मेला की हा आश्रय नाहीसा होतो.

या कुलात अंडी सामान्यतः बिळात, दगडाच्या किंवा शिंपल्याच्या आतल्या बाजूस चिकटविली जातात आणि पिले बाहेर पडेपर्यंत नर त्यांची राखण करतो. ‘एव्हिओटा सिगिलाटा’ या प्रवाळवासी जातीचे आयुष्य अवघे ५९ दिवसांचे असल्याचे २००५ साली दाखविण्यात आले. एवढ्या अल्प काळात सुरक्षित घर न मिळाल्यास पुढील पिढीच खुंटते.

खरप्याचे जीवन याच नियमाने बांधलेले आहे. तो मांसाहारी आहे. तळाशी निश्चल पडून राहावे व टप्प्यात आलेला कीटक, झिंगा किंवा लहान मासा झडप घालून पकडावा, ही त्याची रीत. खाडीच्या मचूळ पाण्यापासून नदीच्या गोड्या पाण्यापर्यंत त्याचा वावर असतो. तापीवर १९७२ साली उकाईचे धरण पुरे झाले आणि भुसावळजवळ हतनूरचे धरणही उभे राहिले. त्यामुळे समुद्र ते खानदेश हा नदीचा अखंड मार्ग तुटला. सुदैवाने हा मासा जलाशयातही प्रजनन करू शकतो, म्हणून केवळ धरणामुळे त्याचा उच्छेद होत नाही. परंतु वाळू हे त्याचे लपण्याचे व शिकारीचे स्थान आहे. गिरणा व तापीच्या पात्रांतून जेथे वाळू बेसुमार उपसली जाते, तेथे पाणी उरले तरी तळ उरत नाही. प्रवाळ मेल्यावर ‘गोबिओडॉन’ची जी गत होते, तीच येथे खरप्याची होऊ शकते.

म्हणूनच नदीच्या मत्स्यसूचीत जातीच्या नावासमोर केवळ उपस्थितीची खूण करणे पुरेसे नाही. मासा कोणत्या तळावर, कोणत्या ऋतूत व पाण्याच्या किती खोलीवर मिळाला, याचीही नोंद हवी. त्याच नोंदीत जळगाव-धुळ्याच्या भोई व कोळी मच्छीमारांच्या तोंडचे नाव उच्चारानुसार देवनागरीत, गावाच्या उल्लेखासह लिहून घ्यावे. साइक्सने नावे रोमन लिपीत उतरविल्यामुळे त्यांचे मूळ उच्चार आज अनुमानाने शोधावे लागतात. प्राणिशास्त्र व भाषाशास्त्र या दोन्ही विभागांच्या विद्यार्थ्यांना ही पाहणी एकत्र हाती घेता येईल.