अंगठ्याचे काम, तर्जनीचे काम

छायाचित्र घेणे ही एक क्रिया नसून दोन क्रिया आहेत, असे सांगितले तर आज पुष्कळांना नवल वाटेल. समोरचे काय स्पष्ट यावे हे ठरविणे ही पहिली; ते कोणत्या क्षणी टिपावे हे ठरविणे ही दुसरी. हल्लीच्या कॅमेऱ्यात दोन्ही कामे एकाच बटणाला जुंपलेली असतात, म्हणून ती दोन आहेत याचा आपल्याला विसर पडतो. ती वेगळी करता येतात, आणि करावीत, असे आमचे म्हणणे आहे.

वर्धेकरांना याचे उदाहरण शोधायला दूर जायला नको. सेवाग्रामला कनू गांधींनी गांधीजींची जी छायाचित्रे घेतली, ती रोलिफ्लेक्स कॅमेऱ्याने. घनश्यामदास बिर्लांनी दिलेल्या १०० रुपयांतून कॅमेरा आला. परवानगी देताना गांधीजींनी तीन अटी घातल्या: फ्लॅश वापरायचा नाही, ‘जरा असे बसा’ म्हणायचे नाही, आणि खर्च आश्रमाकडे मागायचा नाही. पहिल्या दोन अटी किती कठीण, हे कॅमेरा हाताळणाऱ्यालाच कळेल. उजेड कमी, म्हणजे भिंगाचे छिद्र मोठे ठेवावे लागणार. छिद्र मोठे, म्हणजे थोडे पुढेमागे झाले की चित्र पुसट होणार. आणि समोरचा माणूस तर आपल्यासाठी थांबणार नाही! पण रोलिफ्लेक्समध्ये बाजूची चकती फिरवून वरच्या काचेत चित्र स्पष्ट करायचे आणि शटर निराळ्या कळीने सोडायचे, अशी रचना होती. चकती एकदा लावली की शटर कितीदा दाबले तरी फोकस जागचा हलत नसे.

१९८५ साली मिनोल्टा ७००० हा कॅमेरा आला आणि फोकस लावण्याचे काम यंत्राने अंगावर घेतले. बटण अर्धे दाबले की फोकस, पूर्ण दाबले की चित्र. सोय मोठीच झाली, यात शंका नाही. अडचण कोठे येते ते मात्र आपल्या बोरच्या जंगलात पाहावे. (१९७० चे हे अभयारण्य २०१४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे.) वाघ गवताआड बसला आहे. आपण त्याच्यावर फोकस धरला, एक चित्र घेतले, दुसऱ्यासाठी बटण दाबले, तो मध्येच गवताचे पाते हलले आणि यंत्राने पात्यावर फोकस नेला. पाते सुरेख, वाघ धूसर. बरे, फोकस एकदाच लागून थांबावा अशी योजना केली, तर वाघ उठून चालू लागताच ती निकामी. सततचा फोकस हवा की थांबलेला, हे आयत्या वेळी यादीतून निवडायला वाघ कोणाला सवड देतो?

यावर उपाय १९८९ सालच्या कॅनन ईओएस ६३० मध्ये आला: फोकस पाठीमागच्या बटणाकडे, अंगठ्याखाली द्यायचा. आता बऱ्याच कॅमेऱ्यांत ‘एएफ-ऑन’ नावाचे बटणच असते. नसले तर यादीत शिरून दुसऱ्या एखाद्या बटणाला ते काम नेमून देता येते. मग तर्जनीखालच्या शटरकडून फोकसचे काम काढून घ्यावे आणि फोकसची पद्धत कायमची ‘सतत’ ठेवावी. एवढे केले की अंगठा दाबून धरला तर फोकस वाघाबरोबर चालतो. अंगठा उचलला की तेथेच थबकतो, आणि पाते हलले तरी ढळत नाही. दोन पद्धती एका अंगठ्यात आल्या.

गैरसोयी नाहीत असे नाही. अंगठा उचलल्यावर आपण किंवा समोरचा पुढेमागे सरकला, तर फोकस पुन्हा लावावा लागतो. शिवाय लग्नात हौसेने कॅमेरा मामांच्या हाती द्यावा, तर मामा बिचारे फक्त शटर दाबणार आणि सगळे वऱ्हाड अस्पष्ट येणार! अशा वेळी मूळची योजना परत लावून द्यावी हे बरे. नवे कॅमेरे माणसाचे, पशुपक्ष्यांचेही डोळे ओळखून फोकस धरतात, त्यामुळे ही युक्ती जुनी झाली असे काही जण म्हणतात. आम्हांला ते पटत नाही. दोन डोळे समोर असले तर कोणता हवा, हे यंत्राला कोठून ठाऊक?

पहिले काही दिवस अंगठा आपले काम विसरतो. त्यासाठी जंगलात जायची गरज नाही. संध्याकाळी रस्त्याच्या कडेला उभे राहावे, समोरून येणारी एक सायकल निवडावी, आणि ती जवळून निघून जाईपर्यंत अंगठा उचलू नये.