वस्तीतला गोठा आणि शेजारधर्म



गोठा आधी बांधलेला असतो, घरे नंतर त्याच्याभोवती येतात. पनवेल, कर्जत, बदलापूर या भागांत हे आपण पाहतच आहोत. काल ज्या गोठ्यामागे भातखाचरे होती, तेथे आज इमारत उभी आहे आणि वासाची, माशांची पहिली तक्रारही दारात आली आहे. आता जनावरे विकावी लागतील काय, ही पशुपालकाची चिंता रास्त आहे. ज्या उपनगराने हा प्रश्न फार आधी पाहिला, त्या मुंबईतील भांडुपकडे पाहिल्यास काही शिकता येईल.

मुंबईचा अनुभव

मुंबईत दुधाच्या म्हशी पूर्वी दाट वस्तीतच बांधल्या जात. त्या शहराबाहेर नेण्यासाठी १९४९ साली गोरेगाव येथे आरे दुग्ध वसाहत उभारण्यात आली. या कामात दारा खुरोडी यांचा पुढाकार होता. पुढे १९७६ च्या राज्य कायद्याने नागरी क्षेत्रात गुरे पाळण्यासाठी परवाना आवश्यक ठरवला. तरीही उपनगरांतील तबेले पूर्णपणे हटले नाहीत.

जनावरांना विरोध होतो तो मुख्यतः शेण, मूत्र आणि तुंबलेल्या गटारामुळे. हा विरोध निराधार नाही. जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची साथ आली होती. उंदीर तसेच गुरांच्या मूत्रातून या रोगाचे जंतू पाण्यात मिसळतात.

भांडुपमधील एक गोठा

भांडुप पश्चिमेला डोंगरउतारावर, चाळींच्या मधोमध आठ म्हशींचा एक गोठा मी पाहिला. शेजारच्या आजींना विचारले, "तुमची काही तक्रार नाही का?" त्या म्हणाल्या, "पूर्वी होती. आता उजाडायच्या आत शेण उचललेलं असतं. शिवाय म्हैस व्याली की खरवस आधी आमच्याकडे येतो." गोठेवाल्यांनी हसून दुरुस्ती केली, "आधी रेडकाला, मग आजींना!"

त्यांचे म्हणणे शास्त्रशुद्ध आहे. जन्मल्यापासून पहिल्या तासाभरात रेडकाला चीक मिळालाच पाहिजे. त्याचे पोट भरल्यावर उरलेल्या चिकाचाच खरवस करावा.

शेजारीही मागे नाहीत. भाजीची देठे व साली ते वेगळ्या बादलीत ठेवतात. त्यात प्लास्टिकची पिशवी जाऊ देत नाहीत, कारण ती पोटात अडकून जनावर दगावू शकते. एका रात्री म्हैस अडली, तेव्हा शेजारच्या मुलानेच स्कूटरवरून पशुवैद्यकांना आणले. असे शेजारी विकत मिळत नाहीत, ते रोजच्या वागण्यातून मिळवावे लागतात.

पशुपालकांनी काय करावे?

१) शेण : मोठी म्हैस दिवसाला सुमारे १५ ते २० किलो शेण टाकते. म्हणजे आठ म्हशींचे शेण सुमारे १२० ते १६० किलोपर्यंत होते. ते दिवसातून किमान दोनदा उचलावे. उष्ण हवेत माशीची अंड्यापासून पूर्ण वाढ आठ-दहा दिवसांत होते. म्हणून ढीग उघडा ठेवू नये.

२) विल्हेवाट : दोन घनमीटरच्या गोबरगॅस संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण लागते आणि एका कुटुंबाचा स्वयंपाक त्यावर होतो. उरलेल्या शेणाचे कंपोस्ट किंवा गांडूळखत करावे. ताजे शेण थेट गांडुळांना घालू नये. ते १५ ते २० दिवस कुजवून, थंड झाल्यावर वापरावे. हे खत रोपवाटिका व बागांना विकता येते.

३) मूत्र व पाणी : गोठ्याची जमीन पक्की व उताराची असावी. मूत्र झाकलेल्या नालीतून टाकीत जमा करावे, पावसाच्या गटारात सोडू नये.

४) जागा : प्रत्येक म्हशीला छपराखाली सुमारे ४ चौरस मीटर आणि मोकळी ८ चौरस मीटर जागा मिळावी. एवढी जागा नसेल तर जनावरांची संख्या कमी करावी.

५) आरोग्य : लाळ-खुरकुताची लस दर सहा महिन्यांनी टोचून घ्यावी. ब्रुसेलोसिसची लस ४ ते ८ महिन्यांच्या मादी वासरांना व रेड्यांऐवजी फक्त पारड्यांना द्यावी. शेजाऱ्यांना दूध उकळूनच पिण्यास सांगावे.

६) रात्रीची काळजी : भांडुपची हद्द संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून आहे. उघड्या कचऱ्यामुळे कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. अशा भागात शेळ्या व वासरे रात्री बंद दाराआड ठेवावीत.

शेजाऱ्यांनी काय करावे?

तक्रार असल्यास प्रथम गोठेवाल्याशी बोलावे आणि सुधारणेसाठी मुदत द्यावी. गोठा स्वच्छ दिसल्यास तेही आवर्जून सांगावे. पहाटे चारला उठून शेण भरणाऱ्या माणसाला कौतुकाचा एक शब्द क्वचितच ऐकायला मिळतो.

बंधू-भगिनींनो, परवाना असला तरी शेजाऱ्यांच्या मनातील जागा वेगळीच मिळवावी लागते. आपल्या गोठ्याभोवती घरे येण्यापूर्वीच नाली झाकून घ्या आणि शेणाची सोय करा. नवा शेजारी राहायला आला की तक्रारीची वाट न पाहता तांब्याभर दूध घेऊन त्याच्याकडे जा. अधिक माहितीसाठी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याशी किंवा कृषी विज्ञान केंद्राशी संपर्क साधावा.